हौद कुणाचा, पाणी कुणाचं?

घरकामगार बायकांच्या बैठकीत परवा एक ताई म्हणाल्या, "बंगल्यातल्या पोहण्याच्या हौदाचं पाणी हिरवं झालंय. सगळं सोडून देऊन टँकर मागवणार आहेत. आणि मी रोज पहाटे दोन हंड्यांसाठी नळावर भांडते!"

आम्ही हिशोब मांडला. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, दीड मीटर खोल हौदात ७५ हजार लिटर पाणी मावतं. जलजीवन मिशननं खेड्यात माणशी रोज ५५ लिटर धरलं आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराचं नऊ महिन्यांचं पाणी! २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. त्यातून असे सात हौदही भरले नसते.

खरं तर हिरवेपणा म्हणजे शेवाळ. जादा क्लोरिन टाकून, भिंती घासून, फिल्टर चालू ठेवून ते बहुतेक वेळा जातं. गोळ्यांमधलं सायन्युरिक आम्ल साठून क्लोरिनचा जोर कमी झाला, तर मात्र पाणी बदलावं लागतं. तेही बरेचदा काही भागच पुरतो.

"आमचे पैसे, आमचं पाणी," असं मालक म्हणतील. पण टँकर कुठल्या तरी विहिरीवरच भरतो, आणि ती आटली की लांबची वाट बाईच तुडवते. भिंती घासायलाही ताईंनाच सांगणार. मग त्या कामाची वेगळी मजुरी, हातमोजे आणि क्लोरिनपासून संरक्षण मागायचं, असं बैठकीत ठरलं. मैत्रिणींनो, पाणी सोडायचं की नाही, हे ठरवताना तिला कुणी विचारणार आहे का?