लघवीच्या जागी आग, पण सगळे रिपोर्ट नॉर्मल! व्हल्वोडिनियामध्ये आराम नेमका कशाने पडतो?

घट्ट जीन्स घातली की टोचतं. स्कूटीवर अर्धा तास बसवत नाही. शरीरसंबंधाच्या नुसत्या विचारानंही अंग आखडतं. डॉक्टरांकडे गेलं की 'इन्फेक्शन असेल' म्हणून क्रीम मिळतं, ते संपलं की दुसरं. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. मग ठरलेलं वाक्य येतं, 'टेन्शन घेऊ नका, एक मूल झालं की होईल सगळं ठीक.'

या दुखण्याला नाव आहे, व्हल्वोडिनिया. व्हल्वा म्हणजे योनीचा बाहेरचा भाग. तिथे किमान ३ महिने टिकलेली आणि इन्फेक्शन किंवा त्वचारोगासारखं स्पष्ट कारण न सापडलेली वेदना, अशी व्याख्या २०१५ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र येऊन ठरवली.

हा दुर्मिळ आजार आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेतल्या बोस्टन परिसरात झालेली एक पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे १६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी असं किमान ३ महिने चाललेलं दुखणं सोसल्याचं सांगितलं. त्यातल्या जवळपास ४० टक्के डॉक्टरकडे गेल्याच नाहीत. ज्या गेल्या, त्यांच्यापैकी ६० टक्क्यांनी तीन किंवा जास्त डॉक्टर पालथे घातले.

आपल्याकडे तर तपासणीपर्यंत पोहोचणं हीच मोठी गोष्ट. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तो व्हल्वोडिनियाबद्दल नव्हता, पण चित्र स्पष्ट करणारा होता. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कशामुळे?

कारण बिघाड रक्तात किंवा लघवीत नसतो. अनेक जणींमध्ये त्या भागातल्या नसा गरजेपेक्षा जास्त संवेदनशील झालेल्या असतात, गाडीला नुसता हात लागला तरी बोंबलणाऱ्या अलार्मसारख्या. त्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वेदनेच्या भीतीने आवळले जातात. आवळलेला स्नायू आणखी दुखतो, म्हणून तो आणखी आवळतो. काही जणींमध्ये रजोनिवृत्तीनंतर किंवा स्तनपानाच्या काळात कमी झालेलं इस्ट्रोजेनही यात भर घालतं.

निदानासाठी महागडं मशीन लागत नाही. डॉक्टर कापूस लावलेल्या काडीने एकेका जागी हलकेच स्पर्श करून कुठे किती दुखतं ते पाहतात. बस्स. ही साधी चाचणी न करताच वर्षानुवर्षं बुरशीची औषधं दिली जातात, हे चीड आणणारं आहे.

मग आराम कशाने पडतो?

सुरुवात काही लावण्याने नाही, बंद करण्याने होते. सुगंधी साबण, 'इंटिमेट वॉश', मेडिकलमधून स्वतःच आणलेली क्रीम्स यांनी त्वचेची जळजळ वाढू शकते. साधं पाणी पुरतं.

सगळ्यात आश्वासक पुरावा मात्र फिजिओथेरपीचा आहे. कॅनडात स्पर्शाने दुखणाऱ्या प्रकारच्या व्हल्वोडिनियाच्या २१२ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींना १० आठवडे ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी दिली, उरलेल्यांना रोज रात्री लावायला लिडोकेन हे बधिर करणारं मलम. फिजिओथेरपीच्या गटातल्या ७९ टक्के स्त्रियांनी बराच किंवा खूपच फरक पडल्याचं सांगितलं, मलमाच्या गटात ३९ टक्क्यांनी.

इथे एक गल्लत होते. ओटीपोटाचा व्यायाम म्हटलं की रील्समध्ये 'केगल' दाखवतात, म्हणजे स्नायू आवळणं. पण इथे स्नायू आधीच आवळलेले असतात, त्यामुळे केगलने दुखणं वाढू शकतं. शिकायचं असतं ते सैल सोडायला, पोटातून श्वास घेत, हळूहळू.

गोळ्यांचं काय? नैराश्यावरची काही औषधं कमी डोसमध्ये नसांच्या वेदनेसाठी दिली जातात. २००१ मध्ये 'सेक्स अँड द सिटी' मालिकेत शार्लटला हेच निदान आणि हीच गोळी मिळाली आणि त्यावर भरपूर विनोद झाले. गोळी दिली म्हणजे दुखणं 'मनाचं' ठरत नाही. पण प्रत्यक्ष चाचण्यांत २०१० मध्ये डेसिप्रामिन आणि २०१८ मध्ये गॅबापेंटिन बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. काहींना अशा औषधांनी आराम पडतो, पण केवळ गोळीवर विसंबणं परवडणारं नाही. वेदनेची भीती कमी करणाऱ्या समुपदेशनाचाही उपयोग होतो. शस्त्रक्रिया अगदी निवडक स्त्रियांसाठी, बाकी सगळं करून झाल्यावर.

भारतात अडतं कुठे?

फिजिओ म्हणजे गुडघा आणि कंबर, हाच आपला समज. हे काम करणाऱ्या 'पेल्व्हिक फ्लोअर' फिजिओथेरपिस्ट प्रामुख्याने मोठ्या शहरांतच मिळतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे याच नावाने चौकशी करावी. उपचारांत आतून तपासणी करावी लागू शकते, पण ती नाकारण्याचा किंवा मध्येच थांबवण्याचा हक्क पेशंटला असतो. लग्न झालेलं असो वा नसो.

घरातला प्रश्न याहून अवघड. दात-ओठ खाऊन शरीरसंबंध सहन केले, की पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळून तयार असतात. त्यामुळे दुखत असताना थांबणं हा उपचाराचाच भाग आहे आणि तो नवऱ्यालाही समजायला हवा. शक्य असेल तर डॉक्टरांकडे दोघांनी जावं.

जाताना तीन गोष्टी लिहून न्याव्यात: किती महिने दुखतंय, स्पर्शाने दुखतं की आपोआप, आणि आतापर्यंत कोणकोणती क्रीम्स लावली. त्या जागी गाठ, न भरणारी जखम, पांढरे चट्टे किंवा रक्त दिसलं, तर ते व्हल्वोडिनिया समजून थांबू नये, लगेच तपासून घ्यावं.