नृत्यशिक्षक कसा असावा?

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की आमच्या चाकूरसारख्या गावातही घुंगरांचा आवाज ऐकू येऊ लागतो. तालीम घेण्याकरिता कोणी शिक्षक बोलाविले जातात. ते ध्वनिवर्धकावर गाणे लावतात, आपण पुढे उभे राहून हातपाय हालवितात आणि मुले त्यांचे अनुकरण करितात. आठ-दहा दिवसांत नाच 'बसतो', पालक टाळ्या वाजवितात आणि महिन्याभरात मुले ते सारे विसरून जातात. ह्यास नाच बसविणे म्हणावे. नृत्य शिकविणे ते नव्हे. हे अंतर आमच्या बंधुभगिनींच्या व पालकांच्या ध्यानी यावे, एवढ्याकरिताच हा लेखप्रपंच.

अशाच एका तालमीत आमच्या एका मैत्रिणीचा पाय फरशीवर उड्या मारता मारता मुरगळला. "काही होत नाही, पुन्हा घे," असे शिक्षक म्हणाले. तिने पुन्हा घेतले. बक्षीस आम्हांस मिळाले, पण त्या दिवशी ती रंगमंचाखाली पाय बांधून बसली होती. तेव्हापासून आमच्या मनात प्रश्न घोळत आहे, की ज्याच्या हाती मुलांचे शरीर सोपवावयाचे, त्याच्या अंगी कोणते गुण असावेत?

पहिला गुण विद्येचा. शिक्षकाने स्वतः गुरूजवळ दीर्घकाळ शिकलेले असावे. रोहिणी भाटे (१९२४–२००८) ह्यांनी १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' ही कथकची संस्था स्थापिली. पांढरपेशा घरांतील मुलीने नाचावे, हे त्या काळी अनेकांस रुचत नव्हते. बाईंनी लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर ह्यांच्याजवळ वर्षानुवर्षे तालीम घेतली. शिकवू लागल्यावरही शिकणे सोडले नाही. ज्याचे शिकणे थांबले, त्याचे शिकविणेही लवकरच शिळे होते.

दुसरा गुण लयीचा. कथकमध्ये त्रितालाच्या १६ मात्रा हाताने धरून बोल तोंडाने म्हणावे लागतात. ह्यास पढंत म्हणतात. भरतनाट्यमचे गुरू लाकडी ठोकळ्यावर दांडीने ताल देतात. यंत्रातील गाणे मागे पडलेल्या मुलाकरिता थांबत नाही. शिक्षकाच्या हातचा ताल मात्र संथ होऊ शकतो. मंद मुलास बरोबर घेऊन जाण्याची कला ह्या एका गोष्टीत सामावलेली आहे.

तिसरा गुण शरीरज्ञानाचा. आरंभी अंग मोकळे करून घेणे, गुडघा पावलाच्या दिशेतच वाकतो की नाही हे पाहणे, कठीण फरशीवर उड्यांचा अतिरेक टाळणे आणि दुखते म्हणणाऱ्या मुलावर विश्वास ठेवणे, ह्या गोष्टी लहान दिसल्या तरी त्यांवाचून शिक्षक तो शिक्षक नव्हे.

चौथा गुण विवेकाचा. आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार आपल्या शास्त्रात सांगितले आहेत. गाण्याचा अर्थ ज्यास कळत नाही, तो अभिनय काय शिकविणार? आठ वर्षांच्या बालिकेस प्रौढ शृंगाराचे गाणे देणे हा अविवेकच होय. उलट पंचमीचे फेर, दिंडीतील पावली, जवळच्या तांड्यांवरील लमाण स्त्रियांचे नाच हे आपले धन होय. शिक्षकाने ते आदराने पाहावे व मुलांस दाखवावे.

पाचवा गुण क्रमाचा. सोपे आधी, अवघड मागून. भरतनाट्यमच्या शिक्षणास व कार्यक्रमास आजचा क्रम लावून देण्यात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू ह्या चार बंधूंचा मोठा वाटा आहे. त्यांस आश्रय देणाऱ्यांत तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) होते. मिशनरी श्वार्ट्झ ह्यांच्या देखरेखीखाली शिकलेल्या ह्या राजाने नृत्याकरिता मराठीत रचना केल्या. पुढे मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणिल्या. तेव्हा नृत्य आमचे नव्हे, असे मराठी माणसाने म्हणू नये.

"नाचून पोट भरते काय?" असे पालक विचारितात. प्रश्न रास्त आहे. केवळ शिकवण्यांवर लहान गावी संसार चालविणे सोपे नाही. तथापि १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारापर्यंत देता येतात. मुंबईस डॉ. कनक रेळे ह्यांनी स्थापिलेले नालंदा महाविद्यालय व पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र येथे नृत्याची पदवीही मिळते. दहावीस शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांकरिता वाढीव गुणांचीही सोय आहे. परंतु केवळ त्या गुणांकरिता मुलास धाडणे म्हणजे दाणे टाकून फोलकटे वेचणे होय. प्रमाणपत्रही विद्येची साक्ष देईल. मायेची व धीराची देणार नाही.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे, की "नाच किती दिवसांत बसेल?" हे विचारण्यापूर्वी "आपण कोणाजवळ शिकलात, आरंभी काय शिकविता आणि मुलाचा पाय दुखला तर काय करिता?" हे तीन प्रश्न विचारावेत. आमची ती मैत्रीण आता पुन्हा पायांत घुंगरू बांधते. परवा ती म्हणाली, "मला शिक्षिका व्हावयाचे आहे." तिच्या विद्यार्थिनींपैकी कोणासही "पुन्हा घे" ह्या शब्दांचे भय वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.