भिंत पाहिलीत का?

‘हेरिटेज वीकेंड’ हा शब्द आता वाईच्या घाटावरही ऐकू येतो. येऊ द्या. शनिवारी-रविवारी चार माणसं गाडीतून उतरून जुन्या दगडांकडे बघत असतील तर बिघडलं कुठे? फक्त त्यांनी ढोल्या गणपतीसमोर हात जोडून लगेच भेळेच्या गाडीकडे वळू नये. देवळाच्या मागे जावं. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. नदीशी भांडायचं नाही, तिला वाट द्यायची, हे त्या गवंड्याला पक्कं ठाऊक होतं. आज पूररेषेत इमले चढवणाऱ्यांना ही भिंत सक्तीने दाखवायला हवी!

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, घाटावर, १७०७ सालची पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९च्या वसईच्या विजयानंतर ती मराठ्यांकडे आली आणि तिथल्या शंकराच्या शेजारी सुखाने नांदते आहे.

खरा वारसा-उत्सव वाईला नवा नाही. कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटाने फिरतो, आळीआळीचे मानाचे दिवस ठरलेले असतात आणि प्रसादाच्या पंगती उठतात. त्याला ना तिकीट लागतं, ना प्रायोजकाचा फलक. आणि वारसा नुसता दगडांचा नि उत्सवांचा नसतो: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम याच गावात बसून चालवलं. त्यावरचा लेख पुढे आहेच. तो मात्र सावकाश वाचा.