देश तसा वेश

दिवाळीनंतर भोपाळला मावसबहिणीकडे गेले होते. तिकडे सकाळी पोहे आणि जिलबी ही जोडी ठरलेली. यंदा भावोजींच्या ताटलीत जिलबी नव्हती, केळंही नव्हतं. वर्षभरापूर्वी त्यांचं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं, आणि आता यकृतात दोन गाठी दिसल्या होत्या. "साखर गाठींना पोसते म्हणे, मुलानं मोबाइलवर वाचलंय," ताई म्हणाली. भावोजी मुकाट्यानं पोहे खात होते. अंगावरचा शर्ट ढगळ झाला होता.

मुलानं वाचलेलं अगदीच खोटं नव्हतं. आतड्यांतलं रक्त आधी यकृतात जातं. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी त्याच वाटेनं तिथं पोचतात. प्राणवायू कमी, सगळंच परकं. बहुतेक पेशी मरतात. तगतात त्या 'देश तसा वेश' करतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की या पेशी क्रिएटिन कायनेज नावाचं विकर बाहेर सोडतात, त्याच्याकरवी बाहेरच शिदोरी तयार करवतात आणि ती आत ओढून घेतात. फळसाखर, म्हणजे फ्रुक्टोज, मुख्यतः यकृतात पचते. अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठात २०१८ साली आढळलं, की तिथं रुजलेल्या पेशी ही साखर वापरणारं विकर वाढवतात. उंदरांना फ्रुक्टोज कमी दिलं, तर यकृतातल्या गाठींची वाढ मंदावली.

पण हे उंदरांचं झालं. आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "हा यकृताचा कर्करोग नव्हे, आतड्याचाच आहे, फक्त घर बदललंय. म्हणून औषधंही आतड्याच्या कर्करोगाचीच. गाठी काढता आल्या तर उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. त्यासाठी अंगात ताकद हवी. गोड पेयं टाळा, पण यांना उपाशी ठेवू नका. फळं बंद करू नका."

परतताना रिक्षात भावोजी हळूच म्हणाले, "रक्त आधी सहा महिने पडत होतं. मूळव्याध समजून बोललोच नाही."

ताई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पोह्यांशेजारी केळं होतं.

मैत्रिणींनो, पुरुषमाणसं असलं सांगत नाहीत. आपणच विचारायचं. शौचातून रक्त पडत असेल, सवय बदलली असेल, तर घरीच मूळव्याध ठरवू नका. तपासून घ्या. पेशींनी घर बदलण्याआधी गाठलं, तर पुष्कळ सोपं जातं.