चौकटीवरचे चौकीदार

शिकागोतील ‘शोअरलाइन टॉवर्स’ या इमारतीने 2001 मध्ये नियम केला: फ्लॅटच्या दाराबाहेर पायपुसणे, बूट किंवा कोणतीही वस्तू ठेवायची नाही. तीन वर्षे कोणाची तक्रार नव्हती. 2004 मध्ये इमारतीतील बोळांची रंगरंगोटी झाली आणि मग ‘कोणतीही वस्तू’मध्ये ज्यूंचा मेझुझाही मोडू लागला. मेझुझा म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी असलेली, चौकटीला ठोकलेली लहानशी डबी. एका कुटुंबाने ती लावायची, व्यवस्थापनाने काढायची, असे सुरू झाले. त्या घरचा कर्ता वारला. सुतकाचे सात दिवस डबीला हात लावणार नाही, असे इमारतीतील फ्लॅटमालकांच्या असोसिएशनने कबूल केले होते. दफन करून मंडळी परतली तर चौकट रिकामी. गंमत अशी की, मूळ नियम करणाऱ्या समितीच्या अध्यक्षा त्याच घरातल्या बाई होत्या!

हा जाणूनबुजून केलेला भेदभाव होता का, याचा फैसला खटल्यातच व्हावा, असे 2009 मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले. नियम तोच होता. बदलला तो त्याचा अर्थ, आणि तो लावणाऱ्यांनी बदलला.

अशा असोसिएशनांच्या अमलाखाली आज सात कोटींहून अधिक अमेरिकन राहतात. त्यांच्या कमिट्यांना सरसकट खलनायक ठरवण्याचे कारण नाही. आयडाहोतील एका घरमालकाने नाताळात दोन लाख दिवे लावले, अंगणात उंट आणला, बघ्यांची रीघ लागली. शेजाऱ्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. पण असोसिएशनने त्याआधीच एका पत्रात शेजाऱ्यांच्या धर्माचा विषय काढला होता आणि रहदारीचे भांडण धर्माचे झाले. ते वर्षानुवर्षे कोर्टात चालले.

मग मर्यादा आखायची कशी? टेक्सासने 2011 मध्ये पट्टी घेतली. दारावरच्या धार्मिक वस्तूंना संरक्षण, पण 25 चौरस इंचांपर्यंतच. डबी त्यात आरामात बसते. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घराने तीन फुटी दारावर तोरण बांधायचे म्हटले तर मात्र उंचीला पाऊण इंचही येत नाही. आंब्याचे पान कातरूनच लावावे लागले असते. 2021 मध्ये ही इंचांची अट गेली, हे बरे झाले.

फ्लोरिडाने त्याहून अधिक शहाणपणा दाखवला. तिथल्या घरमालक असोसिएशनांना 2024 पासून सणाची सजावट मुदतीनंतर राहिली म्हणून थेट दंड करता येत नाही. आधी लेखी नोटीस, मग आठवड्याची सवड. दंड लागू होण्याआधी सुनावणी, तीही कार्यकारिणीतले किंवा त्यांचे नातलग नसलेल्या किमान तिघा सभासदांपुढे, ही अट तिथे आधीपासूनच आहे. कंदील किती मोठा असावा यावर राज्याराज्यांत काथ्याकूट चालूच राहील. पण दंड आकारणाऱ्यांनीच निवाडाही करायचा नाही, एवढी तरतूद इतर राज्यांनी उचलायला हरकत नसावी.