प्लॅटिनमचा आडवाटेचा उपकार

बार्नेट रोझेनबर्ग कर्करोगावरचे औषध शोधायला निघालेच नव्हते. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या या भौतिकशास्त्रज्ञाला विद्युतक्षेत्रात जिवाणूंचे काय होते, एवढेच पाहायचे होते. ई. कोलाय वाढले, पण दुभंगेनात. नेहमीच्या तीनशे पट लांब दोरे झाले. दोष विजेचा नव्हता. निष्क्रिय म्हणून मुद्दाम निवडलेले प्लॅटिनमचे विद्युतअग्रच द्रावणात विरघळत होते! १९६५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. यातून कर्करोगावरचे औषध म्हणून पुढे आलेले प्लॅटिनमचे संयुग, सिसप्लॅटिन, इटलीच्या मिकेले पेयरोने यांनी १८४५ मध्येच बनवले होते. एकशेवीस वर्षे कोणी त्याला औषध म्हणून विचारले नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मूत्रपिंडाला आणि कानांना ते बाधते, हेही खरे. म्हणूनच मात्रेचा हिशेब अजून चालू आहे: मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या ३०० रुग्णांवरील चाचणीत (२०१८) दर आठवड्याच्या छोट्या मात्रेपेक्षा तीन आठवड्यांनी दिलेली मोठी मात्रा रोग आटोक्यात ठेवण्यात सरस ठरली.

आपल्याकडे संशोधनाला पैसे मागताना ‘उपयोग काय?’ हे आधी विचारतात. धातूचा पातळ थर खाऱ्या द्रावणात किती झिजतो, हे मोजू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने त्या प्रश्नापुढे काय लिहावे? रोझेनबर्ग यांनी तरी काय लिहिले असते?