जीप पाहावी घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांवर जुनी जीप विकत घेण्याचा प्रसंग आला नव्हता. आला असता तर ही म्हण नक्कीच लांबली असती.

आम्ही जीप घेतली ती हौसेखातर नव्हे. आमचे गावचे घर दापोलीहून बरेच आत. डांबरी सडक संपली की दीड किलोमीटर जांभ्याची चढण आणि मध्ये एक पऱ्या. उन्हाळ्यात त्यात कोंबडीची नखेही भिजत नाहीत. आषाढात तो ओळख दाखवीत नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात आम्ही गावी असतानाच आईला रात्री दम लागला. आमची नाजूक शहरी मोटार चिखलात चाके गरगर फिरवीत बसली. शेवटी शेजारच्या चौघांनी खुर्चीला बांबू बांधून आईला खाली सडकेपर्यंत आणले. "खांद्यावरून जायची तालीम झाली हो!" असे ती त्या अवस्थेतही म्हणाली. बाकीचे हसले. मला काही हसू आले नाही.

पुण्याला परतल्यावर घरात दोन पक्ष पडले. चिरंजीव म्हणत, नवी घ्या. मेव्हणे म्हणत, जुनी.

1947 साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपचे भाग जोडायला घेतले, तेव्हापासून अशा प्रत्येक गाडीला आपण जीपच म्हणतो. पण दिसायला जीप ती सगळीच जीप नव्हे. थारचेच पाहा. 2023 पासून ती नुसत्या मागच्या दोन चाकांच्या ओढीचीही मिळते. रूप तेच, दाम कमी. फरक कळतो तो पऱ्यात उतरल्यावर! चिरंजीवांनी प्रथम हीच पसंत केली होती, कारण तिचा रंग चांगला होता.

नव्या गाडीला हमी असते, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु दुकानातली किंमत आणि घरी येईपर्यंतची किंमत यांत कर व विमा मिळून लाखांचा फरक पडतो. जुन्या गाडीचा कर पहिल्या मालकाने भरलेला असतो. अर्थात ती आपल्याच राज्यातली असेल तर. मेव्हण्यांनी दिल्लीची एक फार स्वस्त गाडी काढली होती. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना त्या भागात बंदी घालणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली कायम केला, तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्त झाल्या. पण ती इकडे आणायची म्हणजे ना हरकत दाखला आणा, इथला कर पुन्हा भरा आणि पंधरा वर्षे भरली की फेरनोंदणीला उभे राहा. स्वस्ताई वाटेतच संपते.

मग आम्ही आमच्या मिस्त्रींना बरोबर घेऊन तीन जुन्या गाड्या पाहिल्या. हे गृहस्थ गाडीचा रंग पाहतच नाहीत. बॅटरी घेऊन सरळ खाली झोपतात. पहिली गाडी समुद्रकाठची. खालून नवा काळा रंग चकचकत होता. मिस्त्रींनी पान्याने टकटक केले तशी रंगाची खपली निघाली आणि आत तांबेरा! दुसरी एका हौशी तरुणाची. उंच केलेली, धिप्पाड टायरांची, पाहताच चिरंजीव विरघळले. मिस्त्रींनी डिफरन्शियलचा बूच काढून बोट घातले, ते चहाच्या रंगाचे निघाले. तेलात पाणी गेले की असा चहा होतो. मग त्यांनी पायाखालचा गालिचा उचलला. त्याखाली कुठल्याशा नदीचा गाळ होता.

तिसरी गाडी एका डॉक्टरांची. चार वर्षे घर ते दवाखाना. चार चाकांची ओढ लावायचा दांडा त्यांनी एकदाही हलवला नव्हता; तो घट्ट बसला होता. मला वाटले, हीही गेली. पण मिस्त्री गाडी खडीच्या मैदानावर घेऊन गेले. (कोरड्या डांबरावर चारी चाके जोडून वळवली तर गिअरांना पीळ बसतो, हे मला त्या दिवशी कळले.) हळूहळू मागे-पुढे करता करता दांडा सुटला. 'फोर-लो'मध्ये गाडी मुंगीच्या चालीने, कुठेही न कुरकुरता चढावर गेली. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पाहिली, चेसिसचा नंबर कागदाशी जुळवला आणि सौदा केला. टायर आणि सर्व तेले बदलण्यापुरते पैसे आधीच बाजूला ठेवले होते. ते सगळे लागले.

मला विचाराल तर गाडी दहा-बारा वर्षे ठेवायची असेल आणि खाली झोपणारा मिस्त्री ओळखीचा नसेल, त्याने नवीच घ्यावी. आमच्या वाटेवर मात्र पहिल्याच दिवशी जांभ्याने दाराला ओरखडा काढला. नवी असती तर मी दोन दिवस जेवलो नसतो.

यंदा गणपतीला जीप गावी नेली. पऱ्याला पोटरीएवढे पाणी होते. काठीने तळ चाचपला, 'फोर-लो' लावले आणि गाडी धिम्या गतीने थेट अंगणात आली. आई काठी टेकीत बाहेर आली, गाडीला प्रदक्षिणा घातली आणि बसायला म्हणून पाय उचलला. पाय पायरीपर्यंत पोचेना. आम्ही चेसिस पाहिली, तेल पाहिले, कागद पाहिले. आईचा गुडघा कोणी लक्षात घेतला नव्हता.

"अरे, स्वयंपाकघरातला पाट आण," आई सुनेला नव्हे, मलाच म्हणाली.

एक पाट पुरला नाही, दोन लागले. पुढे मिस्त्रींनी एक भक्कम लाकडी स्टूल ठोकून दिले. ते आता मागे जॅकशेजारी असते. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.